आकड्यांचा आवाज : ‘डॅक’ची गोष्ट आणि त्याची निवड

गाणे हल्ली घरात येते ते आकड्यांच्या रूपात. पुण्या-मुंबईत ते तसे येते आणि धाराशिव जिल्ह्यात, भूम तालुक्यातल्या ईट गावातही तसेच येते. मोबाइलमधला एखादा अभंग वाजू लागतो तेव्हा आत दर सेकंदाला ४४,१०० आकडे एकामागून एक उलगडत असतात. स्पीकरला मात्र आकडे कळत नाहीत. त्याचा कागदी शंकू पुढे-मागे हलवायला सतत बदलणारा विद्युतदाब लागतो. म्हणून आकडे आणि स्पीकर यांच्या मध्ये कोणीतरी दुभाषी बसवावा लागतो. शास्त्रीय मराठीत त्याला अंकीय-सलग रूपांतरक म्हणता येईल. बाजारात त्याला ‘डॅक’ म्हणतात. आपणही तेच सुटसुटीत नाव वापरू.

आता समजा, ईटसारख्या गावातल्या एखाद्या शिक्षकाकडे कॅसेटच्या काळातला चांगला अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी आहे. त्यावर मोबाइलमधले किंवा संगणकातले गाणे ऐकायचे आहे. बऱ्याच नव्या मोबाइलना हेडफोनचे गोल भोक नसते, तर शाळेच्या संगणकाच्या भोकातून गाण्याबरोबर चिरचिरही येते. म्हणजे वेगळा डॅक घेणे आले. चौकशी केली तर काही शे रुपयांपासून काही लाखांपर्यंतचे डॅक मिळतात असे कळते. आम्हांला शिक्षकांकडून हा प्रश्न नेहमी येतो : किती खर्च करावा? त्याचे उत्तर द्यायला डॅकच्या इतिहासातून गेलेले बरे पडते, कारण हे यंत्र स्वस्त का झाले हे कळले की महाग यंत्रात आपण नेमके काय विकत घेतो हेही कळते.

तराजू आणि वजने

भूम तालुका खव्यासाठी ओळखला जातो. तेव्हा खवा तोलणाऱ्याचा तराजूच डोळ्यांपुढे आणू. त्याच्याकडे १, २, ४ आणि ८ ग्रॅमची चारच वजने आहेत. यांतून ० ते १५ पर्यंतचे कोणतेही पूर्ण वजन करता येते. १३ हवे असतील तर ८, ४ आणि १. ठेवलेल्या वजनाला १ आणि न ठेवलेल्याला ० लिहिले तर १३ म्हणजे ११०१. वजनांचे हे दुपटीचे कोडे इटलीतल्या टार्टाग्लिया या गणितज्ञाने १५५६ मध्ये मांडले होते.

डॅकचे पहिले रूप हे असेच आहे. तराजूतल्या वजनांच्या जागी दुपटीदुपटीने वाढणारे विद्युतप्रवाह असतात आणि प्रत्येकाला एक बटण असते. आकड्यात जिथे १ असेल ते बटण चालू, जिथे ० असेल ते बंद. चालू प्रवाहांची बेरीज म्हणजे त्या क्षणाचा विद्युतदाब. सीडीवरच्या आकड्यांना असे १६ अंक असतात, म्हणजे ६५,५३६ पायऱ्या.

अडचण इथेच आहे. सर्वांत लहान वजन १ ग्रॅमचे धरले तर सोळावे वजन ३२ किलो ७६८ ग्रॅमचे होते. या मोठ्या वजनातली चूक अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी हवी, नाहीतर लहान वजनांना काही अर्थच राहत नाही. बाजारातले कोणते वजन इतके चोख असते? विजेच्या मंडलातही तेच आहे. तिथे वजनांचे काम रेझिस्टर करतात, आणि ६५ हजारांत एकापेक्षा कमी चूक असलेले, उन्हाळ्या-हिवाळ्यात न बदलणारे रेझिस्टर बनवणे फार महाग पडते. डॅकच्या किमतीचे मूळ या अडचणीत आहे.

दुसरा प्रश्न वेगाचा. गाण्याचा दाब सतत बदलत असतो, मग सेकंदाला किती वेळा त्याचे माप घ्यावे? ज्या सर्वांत वेगवान कंपनाची नोंद हवी, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा. हा नियम एकट्या माणसाचा नाही. ब्रिटनमध्ये व्हिटेकर यांनी १९१५ मध्ये, अमेरिकेत नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि रशियात कोटेल्निकोव्ह यांनी १९३३ मध्ये वेगवेगळ्या वाटांनी त्याला हात घातला. शॅनन यांनी १९४९ मध्ये तो संदेशवहनाच्या भाषेत नीट मांडला. माणसाचा कान सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. म्हणून ४०,००० हून थोडे अधिक नमुने पुरतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दोन नमुन्यांच्या मधला आवाज हरवतो आणि डॅकमधून जिन्याच्या पायऱ्यांसारखा खडबडीत आवाज येतो, असे चित्र जाहिरातींत दाखवतात. प्रत्यक्षात डॅकच्या पुढे एक गाळणी असते. ती २०,००० च्या वरची कंपने अडवते, आणि पायऱ्यांचे कोपरे म्हणजेच ती वरची कंपने. ती गेली की उरते ती मूळची गुळगुळीत रेषा. मधले बिंदू अंदाजाने भरलेले नसतात. दिलेल्या नमुन्यांतून आणि दिलेल्या मर्यादेत जाणारी रेषा एकच असू शकते, असे गणित सांगते.

सुरुवात टेलिफोनपासून

आवाजाचे आकडे करण्याची गरज प्रथम गाण्याला नव्हे, टेलिफोनला पडली. लांबच्या तारेत आवाज क्षीण होतो. तो वाढवावा तर खरखरही वाढते, आणि प्रत्येक टप्प्यावर ही खरखर साचत जाते. पॅरिसमधल्या एका प्रयोगशाळेत काम करणारे ब्रिटिश अभियंते अॅलेक रीव्ह्ज यांना १९३७ मध्ये उपाय सुचला : आवाज पाठवूच नये, त्याचे माप पाठवावे. त्यांनी मापाला ३२ पायऱ्या धरल्या, म्हणजे पाच अंक. तारेतून फक्त ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच जाते, आणि खरखरीतूनही ते ओळखता येते. कल्पना अचूक होती, पण त्या काळच्या निर्वात नळ्यांत ती परवडणारी नव्हती.

युद्धात परवडण्याचा प्रश्न मागे पडतो. १५ जुलै १९४३ रोजी वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यात सिगसॅली नावाची गुप्त दूरध्वनी यंत्रणा सुरू झाली. बेल प्रयोगशाळेने ती बांधली होती. बोलण्याचे घटक वेगळे करून प्रत्येकाची ताकद सहा पायऱ्यांत मोजली जाई आणि ते आकडे सांकेतिक करून पाठवले जात. पलीकडे पुन्हा त्यांचा आवाज होई. एका टोकाच्या यंत्राचे वजन ५० टनांहून अधिक होते. शाळेचे एक सभागृह भरेल एवढे यंत्र, आणि त्यातून निघणारा आवाज ओळखू येण्यापुरताच.

युद्धानंतर हे तंत्र प्रयोगशाळांत आले. १९५४ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड गॉर्डन यांच्या एप्स्को कंपनीने ‘डेट्रॅक’ नावाचे यंत्र विकायला काढले. ते उलटे काम करी, म्हणजे विद्युतदाबाचा आकडा करी, पण त्यासाठी त्याच्या पोटात वर सांगितलेला वजनांचा तराजूच होता. अकरा अंक, सेकंदाला ५०,००० मापे, ५०० वॅट वीज आणि किंमत ८ ते ९ हजार डॉलर. १९५७ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या मॅक्स मॅथ्यूज यांनी संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत वाजवून घेतले. त्या वेळी संगणक न्यूयॉर्क शहरात होता आणि डॅक न्यू जर्सीत. आकड्यांची चुंबकीय फीत एका गावाहून दुसऱ्या गावी न्यावी, तेव्हा कुठे आवाज ऐकू यावा.

महाराष्ट्रात हे काम फार उशिरा आले असे नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. उत्तरे कागदावर छापण्याखेरीज आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी त्याला दूरचित्रवाणीसारखी एक नळी जोडली होती. पडद्यावर एक ठिपका योग्य जागी उमटवायचा तर दोन आकड्यांचे दोन विद्युतदाब करावे लागतात, एक आडवा आणि एक उभा. ते काम डॅकचेच. फक्त इथे तो कानासाठी नव्हता, डोळ्यासाठी होता.

१९६२ मध्ये अमेरिकेत एका जोडतारेवरून आकड्यांच्या रूपात २४ संभाषणे नेणारी व्यवस्था सुरू झाली. टेलिफोनचे माप तेव्हाच पक्के झाले होते : सेकंदाला ८,००० नमुने. पुढे प्रत्येक नमुन्याला आठ अंक ठरले. हे माप आपल्या खेड्यांत आले ते सी-डॉटबरोबर. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचे छोटे अंकीय केंद्र तयार केले. वातानुकूलित खोली नसली तरी, धुळीत आणि उन्हाळ्यात ते चालावे अशी त्याची रचना होती. १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला असे पहिले केंद्र बसले, आणि नंतर देशभरच्या हजारो गावांत अशी केंद्रे पोहोचली. घरी सीडी किंवा संगणक येण्याच्या पुष्कळ आधी खेड्यातल्या माणसाने डॅकचा आवाज ऐकला, तो टेलिफोनमध्ये. त्याला डॅक म्हणतात हे ठाऊक असण्याची काही गरज नव्हती.

चकतीवरचे आकडे

गाण्यासाठी टेलिफोनचे माप पुरत नाही. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६७ मध्ये आकड्यांतून ध्वनिमुद्रण करून दाखवले. डेनॉन कंपनीने १९७२ मध्ये १३ अंकांचे आठ मार्गांचे यंत्र स्टुडिओत आणले. इतके आकडे साठवायला तेव्हा एकच सोय होती, ती म्हणजे चित्रफितीचे यंत्र. सीडीचा ४४,१०० हा विचित्र आकडा तिथून आला. जपानी-अमेरिकी चित्रपद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रे, प्रत्येकात वापरता येतील अशा २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने. युरोपी पद्धतीत ५० क्षेत्रे, २९४ रेषा आणि पुन्हा ३ नमुने. दोन्ही गुणाकार मुलांना करायला द्यावेत. उत्तर एकच येते.

सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून १९८० मध्ये सीडीचे नियम ठरवले आणि १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचे पहिले सीडी-यंत्र विक्रीला आले. किंमत १,६८,००० येन. सोळा अंकांचा डॅक इतका महाग होता की सोनीने डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच बसवला. तो एकदा डावीकडचा आकडा घेई, एकदा उजवीकडचा. त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या ११ दशलक्षांश भागाइतकी मागे पडे. हवेत एवढ्या वेळात आवाज चार मिलिमीटरही जात नाही. ऐकताना मान थोडी हलली तरी याहून जास्त फरक पडतो.

फिलिप्सने वेगळी वाट धरली. त्यांच्याकडे चांगला डॅक होता तो १४ अंकांचा. सोळा अंकांचे काम चौदांवर कसे भागवायचे? डॅकच्या इतिहासाला इथे वळण मिळाले.

अचूक वजनाऐवजी हिशेब

फिलिप्सच्या प्रयोगशाळेतल्या रूडी व्हान डे प्लाशे यांनी १९७६ मध्ये एक युक्ती मांडली होती. दोन वजने समान हवीत पण नेमकी समान बनत नाहीत, तर त्यांची जागा सतत अदलाबदल करत राहावे. एकाची चूक जास्तीची, दुसऱ्याची कमीची, सरासरीत दोन्ही कटतात. दुसरी युक्ती अशी की गणिताने मधले नमुने काढून डॅक चौपट वेगाने, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० वेळा चालवायचा, आणि प्रत्येक वेळी राहिलेली बाकी पुढच्या नमुन्यात धरायची. अशा रीतीने १४ अंकांच्या डॅकमधून १६ अंकांच्या तोडीचा आवाज निघाला.

हा ‘बाकी पुढे धरण्याचा’ विचार शेवटपर्यंत ताणला तर काय होईल? समजा, दूधवाल्याचे रोजचे ७ रुपये होतात आणि आपल्याकडे फक्त दहाच्या नोटा आहेत. नियम असा की देणे दहा किंवा जास्त झाले की एक नोट द्यायची, नाहीतर काहीच नाही. पहिल्या दिवशी देणे ७, नोट नाही. दुसऱ्या दिवशी १४, एक नोट, बाकी ४. तिसऱ्या दिवशी ११, एक नोट, बाकी १. असे करत गेले तर दहा दिवसांची यादी ०११०११०१११ अशी होते. त्यात सात नोटा आहेत आणि दहाव्या दिवशी बाकी शून्य. एकाही दिवशी आपण बरोबर ७ रुपये दिले नाहीत, तरी दहा दिवसांचा हिशेब पैशापर्यंत चोख आहे. आणि वजन लागले एकच. एकाच वजनाची दुसऱ्याशी तुलना करण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे अचूकतेची ती महागडी अडचण नाहीशी होते.

टोकियो विद्यापीठातल्या इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी १९६२ मध्ये हे तत्त्व मंडलात उतरवले. त्याला डेल्टा-सिग्मा म्हणतात. डेल्टा म्हणजे फरक, सिग्मा म्हणजे बेरीज. पण दहा दिवसांऐवजी सेकंदाचा काही लाखावा भाग घ्यायचा तर बटण प्रचंड वेगाने उघडावे-मिटावे लागते, आणि १९६२ मध्ये असा वेग स्वस्त नव्हता. तो १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वस्त झाला. सिलिकॉनच्या चकतीवर अचूक रेझिस्टर कोरणे आजही कठीण आहे, पण वेगवान बटणे आणि बेरजा करणारी मंडले त्यावर लाखोंनी आणि जवळजवळ फुकट बसतात. या काळात एका अंकाचे डॅक सीडी-यंत्रांत आले. बटणाच्या उघड-मिटीतून गुळगुळीत आवाज कसा निघतो? गावातल्या पाण्याच्या टाकीसारखा. पंप चालू-बंद होत राहतो, तरी टाकीच्या खालच्या नळाला पाणी एकसारखे येते. टाकीचे काम इथे गाळणी करते.

आजचे बहुतेक डॅक या दोन्ही युक्त्या वापरतात. थोड्या समान वजनांची झपाट्याने अदलाबदल आणि बाकीचा हिशेब पुढे. ज्याची किंमत १९५४ मध्ये हजारो डॉलर होती ते काम आता तांदळाच्या काही दाण्यांएवढ्या तुकड्यात होते. गाणे वाजवू शकणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये, ब्लूटूथ स्पीकरमध्ये आणि गावातल्या दुकानात मिळणाऱ्या पेनड्राइव्हच्या अॅम्प्लिफायरमध्ये असा एक तुकडा असतो.

कानाची परीक्षा

पण स्वस्त आणि महाग डॅकमधला फरक ऐकू येतो का? याचे उत्तर ऐकूनच द्यायला हवे, मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून. किंमत माहीत असली की कान किमतीप्रमाणे ऐकतो. यात फसवाफसवी नसते, मन तसेच चालते.

अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या मुद्रणाच्या वाटेत त्यांनी कधी सीडीच्या मापाचे, म्हणजे १६ अंक आणि ४४,१०० नमुन्यांचे रूपांतर घातले, कधी काढले. कोणते कोणते हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून याहून वेगळे काय आले असते? दुसरी बाजूही सांगायला हवी. रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ अभ्यासांचे, १२ हजारांहून अधिक प्रयत्नांचे एकत्रित गणित केले. बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२ टक्क्यांच्या किंचित वर निघाले, प्रशिक्षित श्रोत्यांचे त्याहून जास्त. म्हणजे फरक असलाच तर तो इतका बारीक आहे. घरी, पंख्याच्या आवाजात त्याचा हिशेब कितपत धरावा हे वाचकांनीच ठरवावे.

अशी परीक्षा शाळेतही घेता येते. दोन डॅक घ्यावेत. १०० कंपनांचा एकसुरी नाद वाजवून प्रयोगशाळेतल्या मल्टिमीटरने दोघांचा विद्युतदाब मोजावा आणि एक टक्क्याच्या आत समान करावा. ही पायरी चुकवू नये, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘जास्त चांगला’ वाटतो. दुकानातल्या पुष्कळ तुलना इथेच फसतात. मग एकाने नाणे उडवून डॅक बदलावा आणि दुसऱ्याने न पाहता ओळखावे. असे सोळा वेळा. सोळा नाण्यांचे एकूण ६५,५३६ प्रकार होतात. सीडीच्या पायऱ्यांचाच हा आकडा, कारण दोन्हीकडे दोनाचा सोळावा घात आहे. त्यांपैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याचे प्रकार २,५१७ आहेत, म्हणजे शंभरांत चारांहून कमी. बारा बरोबर आले तर फरक ऐकू येतो असे मानायला जागा आहे. आठ-नऊ आले तर पैसे वाचले.

मग निवड कशी करावी?

पहिली गोष्ट, वेगळा डॅक हवाच आहे का ते पाहावे. अॅम्प्लिफायरला ब्लूटूथ किंवा पेनड्राइव्हची सोय असेल तर डॅक आत आहेच. संगणकाचा माउस हलवला की स्पीकरमधून चिरचिर येत असेल तर मात्र बाहेरचा डॅक उपयोगी पडतो, कारण तो संगणकाच्या आतल्या विजेच्या गोंगाटापासून दूर असतो.

दुसरी गोष्ट, जोडणी. मोबाइल आणि संगणकासाठी यूएसबीचा, दूरचित्रवाणी संचासाठी बहुधा प्रकाशतंतूचा डॅक लागतो. आपल्या उपकरणाला कोणते भोक आहे ते पाहूनच घ्यावा. सीडी-यंत्रे २ व्होल्टपर्यंत दाब देतात, मोबाइलला लावायचे छोटे डॅक १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. त्यामुळे अॅम्प्लिफायरची कळ थोडी जास्त फिरवावी लागते. आवाज लहान येणे हा दर्जाचा दोष नाही.

तिसरी गोष्ट, आकडे. संकेत आणि खरखर यांचे प्रमाण १०० डेसिबेलच्या आसपास असले की पुरे. सोळा अंकांची स्वतःची मर्यादाच सुमारे ९८ डेसिबेल आहे. चांगल्या बनावटीचे, हजार रुपयांच्या आसपासचे यूएसबी डॅकही हे गाठतात. खोक्यावर ३२ अंक आणि ३,८४,००० नमुने असे लिहिलेले असले तर त्यासाठी जास्त पैसे देण्याचे कारण नाही. आणि ऐकतो काय हेही पाहावे. बालगंधर्वांच्या किंवा मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड संग्राहकांनी जपल्या, म्हणून आज त्या मोबाइलवर ऐकता येतात. त्यांतली खरखर तबकडीची आणि सुईची आहे, आणि ती सीडीच्या खरखरीपेक्षा शेकडो पटींनी मोठी आहे. कोणताही डॅक ती कमी करणार नाही.

चौथी गोष्ट, गुणगुण. खेड्यात तक्रार बहुधा हीच असते, आणि दोष डॅकला दिला जातो. संगणक एका सॉकेटवर आणि अॅम्प्लिफायर दुसऱ्यावर असला, घराचे अर्थिंग कच्चे असले, की दोन जमिनींच्या तारांतून ५० कंपनांचा प्रवाह फिरतो. तपासणी सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या जोडणीचा. दोन्ही यंत्रे एकाच सॉकेटच्या पट्टीवर घ्यावीत, किंवा दोन्ही यंत्रांना सोय असेल तर प्रकाशतंतूने जोडावीत, कारण काचेतून किंवा प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नये. काही जण ती कापतात. आवाज थांबतो, पण यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर माणूस वाचवायला मग काही उरत नाही.

पाचवी गोष्ट, उरलेल्या पैशांचे काय करावे. चांगल्या डॅकची विकृती टक्क्याच्या शंभराव्या भागापेक्षा कमी असते. घरगुती स्पीकरची विकृती खालच्या स्वरांत सहज काही टक्के होते. वर पत्र्याचे छप्पर आणि खाली उघडी फरशी असली की खोली आपला आवाज त्यात मिसळते. म्हणून दहा हजार रुपये जमले असतील तर डॅकवर हजारभर खर्चावेत आणि बाकीचे स्पीकरवर, अर्थिंगवर आणि वायरिंगवर. समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी टांगावी आणि फरशीवर सतरंजी अंथरावी. हा फरक ओळखायला डोळ्यांवर पट्टी लागत नाही. शाळेचा संच लोकवर्गणीतून येत असेल तर हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवायला हरकत नाही.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर दहाच्या नोटांचा खेळ जरूर घ्यावा. एका गटाला रोजचे ३ रुपये द्यावेत, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला ९. प्रत्येकाने दहा दिवसांची शून्य-एकाची यादी लिहावी आणि फक्त यादी पाहून दुसऱ्या गटाने रोजचे देणे ओळखावे. मग पाच दिवसांचीच यादी देऊन पाहावे. कोणते देणे आता चुकीचे ओळखले जाते आणि का, हे मुलांना शोधू द्यावे. यादी लांबली की उत्तर चोख होत जाते असे त्यांच्या लक्षात येईल. ओळखणारी मुले तेव्हा डॅकपुढच्या गाळणीचेच काम करत असतील.